'आय गो टू होम' मध्ये चूक नेमकी कुठे? इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती मुलांना कशा समजावता?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिश. परवा चाचणीचा पेपर घरी आला. एका ओळीत त्याने लिहिलं होतं, 'आय गो टू स्कूल ॲट इलेव्हन.' त्याला बरोबरची खूण. खालच्याच ओळीत 'आय गो टू होम ॲट फाइव्ह.' तिथे 'टू'वर लाल पेनाची काट आणि अर्धा गुण गेलेला. मुलगा विचारतो, "आई, शाळेला टू चालतो, मग घराला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. 'तसंच असतं' म्हणून वेळ मारून नेली आणि दिवसभर ते मनाला लागून राहिलं.

त्याच पेपरात 'वॉटर द प्लांट्स' हे वाक्य होतं. अधोरेखित 'वॉटर'ची जात ओळखायची होती. त्याने नाउन लिहिलं, चुकलं. पण त्याला शिकवलेली व्याख्याच अशी आहे की व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तूचं नाव म्हणजे नाउन. पाणी वस्तूच आहे ना? व्याख्येप्रमाणे पोराचं बरोबर होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर माझी शाळा संपत आली होती. आम्ही नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम असं पाठ केलं आणि पुढे गेलो. मुलाचंही तसंच व्हावं असं वाटत नाही. तुम्ही कसं शिकवता, किंवा तुम्हाला स्वतःला कधी आणि कशाने उमगलं, ते मोकळेपणाने लिहा.

जुनाखडू

पाटीपेन्सिलताई, एकतीस वर्षं गावाकडच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न वर्गात दर वर्षी यायचा. 'टू'कडे शेवटी येऊ, आधी 'वॉटर' घेऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

मुलांना वाटतं की जात शब्दाला जन्मापासून चिकटलेली असते. वॉटर नाउन, रन व्हर्ब, रेड ॲडजेक्टिव्ह. तसं नसतं. त्या वाक्यात शब्द कोणतं काम करतोय, त्यावर त्याची जात ठरते. हे मी मराठीतूनच पटवून द्यायचो. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची: 'हा खेळ छान आहे' आणि 'तू बाहेर खेळ'. विचारायचं, दोन्ही 'खेळ' एकाच जातीचे का? मुलं हसत सांगतात की पहिला नाम, दुसरा क्रियापद. मग त्यांनाच आणखी शोधायला लावायचं. नाच, मार, बोल, चाल असे शब्द ती पटापट काढतात. एका पोराने एकदा 'मार खाल्ला' आणि 'त्याला मार' अशी जोडी दिली होती, ती मी पुढे दर वर्षी वापरली. एवढं झालं की 'वॉटर' अवघड राहत नाही. 'ड्रिंक वॉटर' मधलं पाणी नाम. 'वॉटर द प्लांट्स' मध्ये झाडांना पाणी घालायला सांगितलंय, म्हणजे ते क्रियापद. 'बुक अ तिकीट', 'हॅंड मी द पेन', 'आय बॅक यू' हे सगळं याच घरातलं.

आता मराठीपेक्षा इंग्रजीत हे इतकं जास्त का होतं, तेही मुलांना दाखवावं. मी तीन मुलांना उभं करायचो. एकाच्या हातात 'द डॉग' ही पाटी, दुसऱ्याच्या 'बिट', तिसऱ्याच्या 'द मॅन'. वर्गाने वाक्य वाचायचं. मग पहिल्याने आणि तिसऱ्याने जागा बदलायच्या. आता माणूस कुत्र्याला चावला! वर्गात हशा. मग तेच मराठीत करायचं: 'कुत्रा', 'माणसाला', 'चावला'. पोरं कशीही उभी राहिली तरी चावणारा कुत्राच, कारण 'माणसाला' या शब्दाने आपलं काम 'ला'मध्ये बरोबर बांधून आणलेलं असतं. इंग्रजी नामाजवळ असलं गाठोडं नसतं, त्याची जागाच त्याचं काम सांगते. म्हणून तिथे तोच शब्द जागा बदलून तीन-तीन, चार-चार कामं करू शकतो.

'फास्ट' घ्या. 'अ फास्ट ट्रेन' मध्ये विशेषण. 'ही रन्स फास्ट' मध्ये क्रियाविशेषण. 'शी ब्रोक हर फास्ट' म्हणजे तिने उपवास सोडला, तिथे नाम. 'दे फास्ट ऑन एकादशी' मध्ये क्रियापद. चार वाक्यं, अक्षरं तीच.

व्याख्या पाठ असू दे, वाईट नाही. पण रोज दोनच प्रश्न विचारा: हा शब्द इथे काय करतोय? आणि कोणासाठी करतोय?

रानजाई

जुनाखडू सर, तुमचा तो 'काय करतोय' प्रश्न मला आधी कळला असता तर! स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण करताना मी याद्या पाठ केल्या. वर, खाली, पुढे, मागे ही शब्दयोगी अव्ययं. परीक्षेत आलं, 'तो पुढे गेला'. मी डोळे झाकून शब्दयोगी लिहिलं. नामाला जोडूनच आलेलं नाही, तर शब्दयोगी कसलं? 'घरापुढे' मधला 'पुढे' शब्दयोगी, नुसता 'पुढे गेला' मधला क्रियाविशेषण. इंग्रजीत हुबेहूब हेच: 'ही इज इन द रूम' मध्ये 'इन' प्रेपोझिशन, 'कम इन' मध्ये ॲडव्हर्ब.

कृष्णाकाठ

थोडा वेगळा सूर लावते. मी खासगी शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. माझा अनुभव असा की मराठीच्या आधाराने मुलं जितकी वर चढतात तितकीच घसरतातही. सगळ्यात जास्त प्रेपोझिशनमध्ये.

आपला एक 'ने' बघा. 'त्याने पत्र लिहिलं', 'पेनने लिहिलं', 'बसने गेला'. मराठीत तिन्ही 'ने'. इंग्रजीत पहिल्याला काहीच नाही, नुसतं 'ही'. दुसऱ्याला 'विथ अ पेन'. तिसऱ्याला 'बाय बस'. मुलाने एकदा 'ने म्हणजे बाय' असं धरलं की 'आय रोट बाय पेन' आलंच समजा. आपला 'वर' तसाच. भिंतीवर घड्याळ असेल तर 'ऑन', डोक्यावर पंखा असेल तर 'अबव्ह' किंवा 'ओव्हर'. आणि 'बाई माझ्यावर रागावल्या' याचं तर मुलं सर्रास 'ॲंग्री ऑन मी' करतात. पाहिजे 'ॲंग्री विथ मी'. 'त्याच्याशी लग्न केलं' वरून 'मॅरीड विथ हिम' येतं, तिथे 'मॅरीड टू' किंवा सरळ 'मॅरीड हिम' हवं. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड ऑन द टॉपिक', खरं तर 'डिस्कस'नंतर काहीच लागत नाही.

जोडशब्दांचंही तेच. मराठीत 'जरी' म्हटलं की 'तरी' आलंच पाहिजे, त्याशिवाय वाक्य लंगडं वाटतं. मग मुलं 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट' लिहितात. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो.

म्हणून मी मुलांना सांगते, मराठी बाजूला ठेवा, इंग्रजी वाक्यं खूप वाचा, खूप ऐका. कान तयार झाला की जात आपोआप कळते.

जुनाखडू

कृष्णाकाठताई, तुम्ही दिलेली प्रत्येक चूक माझ्या वर्गातही झाली आहे, एकही नाकारत नाही. वाचन-श्रवणाबद्दलही पूर्ण सहमत. पण ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथल्या मुलाचा कान कशाने तयार करायचा? माझ्या वर्गात निम्मी मुलं शेतमजुरांची होती. त्यांच्याजवळ मराठी होती, पक्की आणि श्रीमंत. ती बाजूला ठेव म्हणायला माझं मन धजलं नाही.

चूक होते ती शब्दाला शब्द लावल्याने. कामाला काम लावलं तर मराठी फार मोठी मदत करते. एकच नमुना देतो, 'आय-एन-जी'वाले शब्द. इंग्रजीत 'स्विमिंग' एकच. 'स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ', 'ही इज स्विमिंग', 'अ स्विमिंग पूल'. मुलं तिन्हींना क्रियापद म्हणतात. आता मराठीत सांगा: 'पोहणं तब्येतीला चांगलं', 'तो पोहतोय', 'पोहण्याचा तलाव'. पोहणं, पोहतोय, पोहण्याचा! इंग्रजीने एकाच अंगरख्यात लपवलेली तीन कामं आपल्या भाषेने तीन वेगळ्या रूपांत उघडी करून दाखवली. पहिलं नामाचं काम, दुसरं क्रियापदाचं, तिसरं नामाबद्दल माहिती सांगण्याचं. व्याकरणाचं पुस्तक न उघडता हे मुलाला दिसतं.

विशेषणाचंही बघा. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगली मुलं. आपलं विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. पण 'हुशार', 'लाल', 'सुंदर' ही बदलत नाहीत. मी सांगायचो, इंग्रजीतली सगळी विशेषणं 'हुशार'सारखी. एका वाक्यात काम झालं.

आणि 'ती चांगली गाते' या वाक्यातून 'शी सिंग्ज गुड' ही चूक का जन्मते, तेही यातून कळतं. मराठीत 'चांगली' हाच शब्द मुलीबद्दलही सांगतो आणि गाण्याबद्दलही. इंग्रजीत मुलगी 'गुड', गाणं 'वेल'. मुलाला विचारा, इथे चांगलं काय आहे, ती की तिचं गाणं?

दूरदेशी

आम्ही बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, शनिवारी इथल्या मुलांना मराठी शिकवते. हा धागा वाचून गंमत वाटली, कारण माझ्याकडे सगळं आरशात दिसतं. इथली मुलं 'झाडखाली', 'घरसमोर' असं बोलतात. त्यांच्या कानाला 'अंडर द ट्री' मध्ये 'ट्री' जसाच्या तसा राहतो, मग 'झाड'ने 'झाडा' का व्हायचं? सामान्यरूप त्यांना सुचतच नाही. मी त्यांना त्यांचीच भाषा दाखवते: 'टू ही' म्हणता का? नाही, 'टू हिम'. म्हणजे सर्वनामाला इंग्रजीतही बाक येतोच. मराठीत तो बाक नामालाही येतो. हे ऐकल्यावर एका आठ वर्षांच्या मुलीने 'झाड, झाडा, झाडाखाली' असं तीनदा पुटपुटून पाहिलं होतं, अजून आठवतं.

सर्वनामात आणखी एक. आपले 'आम्ही' आणि 'आपण' इंग्रजीच्या एका 'वुई'त जातात. 'आम्ही सिनेमाला चाललोय' ऐकून पाहुणा घरी बसतो, 'आपण चाललोय' ऐकून चपला घालतो. 'वुई' ऐकून काय करायचं ते संदर्भावरून ओळखायचं. उलट बाजूने, मराठी मुलं खुर्चीला 'शी' आणि पंख्याला 'ही' म्हणतात, कारण ती खुर्ची, तो पंखा. पाटीपेन्सिल, तुमच्याकडे होतं का हे?

पाटीपेन्सिल

हो दूरदेशी, दुसरीत असताना 'माय बॅग, शी इज ब्लू' असं लिहायचा. आता सुटलंय.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना 'खेळ, नाच, मार' केलं. धाकटीने 'वाट' शोधला: 'वाट चुकली' आणि 'चटणी वाट'. एक शंका आहे. 'अ', 'ॲन', 'द' कोणत्या जातीत? शब्दांच्या आठ जातींत तर त्यांचं नाव नाही. मुलाच्या वहीत 'आर्टिकल' असं वेगळंच पान आहे.

पोथीपान

हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आठ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. ग्रीक भाषेच्या जुन्या व्याकरणात, डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रंथात, आठ वर्ग आहेत. त्यांत आर्टिकल हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि विशेषण मात्र वेगळं नाही, ते नामातच धरलंय. रोमन लोकांनी तीच चौकट लॅटिनला लावली. लॅटिनमध्ये आर्टिकल नाहीच. मग त्यांनी ते काढलं आणि उद्गारवाचक शब्दांचा वर्ग वेगळा धरला. आकडा पुन्हा आठ! इंग्रजीची व्याकरणं त्या लॅटिन परंपरेतून आली. पुढे विशेषण नामातून वेगळं झालं. पण 'द'साठी मूळ चौकटीत खण नव्हता, म्हणून कोणी त्याला विशेषणात बसवलं, कोणी वेगळं पान दिलं. आजची व्याकरणं अ, द, धिस, माय, सम या सगळ्यांचा 'डिटर्मिनर' असा गट करतात. तेव्हा मुलाच्या वहीतलं वेगळं पान चुकीचं नाही.

आपल्याकडे यास्कांच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात पदांचे, म्हणजे वाक्यातल्या शब्दांचे, चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). पाणिनीने तर पदांचे मुळात दोनच भाग केले, सुबन्त (नामाचे प्रत्यय लागणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागणारी). मराठीत आज आपण ज्या आठ जाती शिकतो ती मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या आपल्या व्याकरणात या सगळ्या प्रश्नांचा मोठा ऊहापोह केला. म्हणजे नाउन-नाम, व्हर्ब-क्रियापद अशा जोड्या इतक्या सहज जुळतात त्यामागे हा इतिहास आहे. जिथे भाषाच वेगळ्या आहेत तिथे जोडी अडखळते. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, प्रेपोझिशन पुढे उभं राहतं. 'प्री' म्हणजेच आधी.

आता 'अ' आणि 'द' मुलांना कसे सांगावे? आजीची गोष्ट आठवा. 'एका गावात एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', कारण ऐकणाऱ्याला तो माहीत नाही. दुसऱ्यांदा आजी 'एका राजाला' म्हणते का? नाही. आता तो ओळखीचा झाला. तो पहिला 'एक' म्हणजे 'अ', आणि ओळख झाल्यावरची ती मोकळी जागा म्हणजे 'द'. 'देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू क्वीन्स.' आपल्याकडे आर्टिकल नाही, पण ती जाण आहेच. मुलाला इंग्रजीत फक्त त्या मोकळ्या जागेत 'द' ठेवायला शिकायचंय.

कृष्णाकाठ

पोथीपान, ही राजाची गोष्ट मी उद्याच वर्गात सांगणार. आणि जुनाखडू सर, ते 'पोहणं, पोहतोय, पोहण्याचा' काल करून पाहिलं. नववीच्या मुलांनी त्यावरून 'रीडिंग'ची तीन वाक्यं स्वतः केली. 'मराठी बाजूला ठेवा' हे मी थोडं जास्तच ताणलं होतं.

माझ्याकडूनही एक घ्या. निरर्थक शब्दांचं वाक्य. 'गुंफ्याने मटुळाला टिपकावलं.' अर्थ शून्य, तरी मुलं सांगतात की गुंफ्या करणारा, मटूळ सोसणारा, टिपकावणं क्रिया. मग इंग्रजी: 'द स्नॉफी ग्रिब प्लंक्ड लाउटली.' 'द' नंतर 'वाय'ने संपणारा स्नॉफी, तो विशेषण. त्याच्या पुढे ग्रिब, तो नाम. 'ईडी' लागलेला प्लंक्ड क्रियापद. 'ली' लागलेला शेवटचा क्रियाविशेषण. अर्थ काढून घेतला की मुलं भाषांतर करूच शकत नाहीत, मग त्यांना शब्दाची शेपटी आणि जागा बघावीच लागते. शेपट्यांची ओळखही होते: 'नेस', 'मेंट', 'शन' आले की बहुतेक नाम, आपल्या 'पणा' आणि 'ता'सारखे. 'फुल', 'लेस' आले की विशेषण. फक्त 'ली'वर आंधळा विश्वास नको. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' विशेषणं आहेत.

पाटीपेन्सिल

हे आज करते. पण सर, 'होम'चं राहिलं. मुलगा रोज विचारतोय.

जुनाखडू

विसरलो नाही ताई. आता त्याच्याकडे सगळं सामान आहे, म्हणून आता सांगतो.

त्याला विचारा, मराठीत 'वर जा', 'खाली जा', 'इकडे ये', 'तिकडे जा' म्हणताना त्या शब्दांना आणखी काही जोडतोस का? नाही, कारण 'कुठे' हे त्या शब्दांतच भरलेलं आहे. ती क्रियाविशेषणं. इंग्रजीत 'अप', 'हिअर', 'देअर', 'अपस्टेअर्स', 'ॲब्रॉड' तशीच. 'गो टू हिअर' कोणी म्हणत नाही, 'गो टू ॲब्रॉड' ही चूक. 'गो होम' मधला 'होम' या पंक्तीतला आहे. तो वस्तूचं नाव म्हणून बसलेला नाही, तो 'कुठे जातो'चं उत्तर आहे.

आणि आपल्या भाषेत बघा: शाळेत जातो, बाजारात जातो, दुकानात जातो. पण घरात जातो? नाही, 'घरी' जातो. 'ॲब्रॉड' म्हणजे 'परदेशी', 'होम' म्हणजे 'घरी'. 'घरी' या शब्दात 'टू' आधीच मुरलेला आहे. मग 'टू होम' म्हणजे 'घरीला'.

रानजाई

'घरीला'! सर, आता जन्मात विसरणार नाही.

पाटीपेन्सिल

काल संध्याकाळी दोघांना समोर बसवून हे वाचून दाखवलं. 'घरीला' ऐकून धाकटी लोळायला लागली. मोठा गप्प होता. मग उठून दार उघडून बाहेर गेला. समोरच्या काकूंच्या दारात पायपुसणं आहे, त्यावर 'वेलकम टू अवर होम' असं लिहिलंय. ते बघून परत आला आणि म्हणाला, "आई, तिथे टू आहे. ते चुकलंय का?"

मी सांगणारच होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "थांब. तिथे 'अवर' आहे. 'आमचं घर', म्हणजे तिथे होम नाम आहे. नामाला टू चालतो." आणि मग जरा वेळाने, "'अवर' काढलं तर नुसतं 'वेलकम होम' लिहावं लागेल. पण मग ते काकांसाठी होईल. काका ऑफिसातून आले की."

सर, हे बरोबर आहे ना?

जुनाखडू

अगदी बरोबर. त्याला माझ्याकडून शाब्बासकी द्या, आणि विचारा, 'शाब्बास' कोणत्या जातीचा.